माणशी साडेसहा लिटर

लातूरचा 2016चा उन्हाळा म्हटलं की लोकांना रेल्वे आठवते. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत आलेली ‘जलदूत’. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणी येऊ लागल्या, म्हणजे 25 लाख. ते उपकार लातूरकर विसरणार नाहीत. पण शहर जवळपास 4 लाखांचं. एका गाडीमागे वाटणीला माणशी साडेसहा लिटरच्या आतबाहेर पाणी. त्यापुढचं सगळं घराघरांतल्या बायकांनी निभावलं, आणि त्याची नोंद कुठंच नाही.

धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागलं, पाचाहून जास्त माणसं जमायची नाहीत. हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या बायाबापड्यांसाठी जमावबंदी! आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

आमच्या पिंपात आईनं बांबूची एक काठी उभी करून ठेवली होती. काठीवर सुरीनं खाचा पाडलेल्या, एका दिवसाला एक. सकाळी काठी काढून बघायची. ओल आजच्या खाचेखाली गेली असेल तर त्या दिवशी कपडे नाहीत. न्हाणीत मोठं घमेलं. त्यात उभं राहून दोन तांब्यांत आंघोळ, आणि घमेल्यातलं पाणी संडासाला. कपडे दुसऱ्यांदा खळबळलेलं पाणी टाकायचं नाही, पुढच्या धुण्याला तेच पहिलं. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला.

शेजारच्या काकांच्या बोअरला पाणी होतं, तोवर ते रोज रात्री गल्लीतल्या प्रत्येक घराला दोन घागरी द्यायचे. मे महिन्यात बोअर आटला. मग टँकर आला की पहिली घागर काकांच्या दारात जायची. कुणी ठरवलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये रेल्वे थांबली, सप्टेंबरअखेरच्या पावसानं मांजरा धरण भरलं. आम्ही जलपूजनाला धावलो, ते बरोबरच होतं. पण दिवाळीत आमच्याच गल्लीत लोक पाइप लावून गाड्या धूत होते. शिकलेलं इतक्या लवकर सुटलं याची मला खंत वाटते. धरणाच्या भागात पाणी पिणारा ऊस होताच. त्यावर खूप बोललं गेलं, बोलायलाच हवं. घरातल्या घमेल्याबद्दल मात्र कुणी बोललं नाही.

आईनं काठी टाकली नाही. पिंप नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं असतानाही ती सकाळी काठी काढून बघायची.