नायट्रोजन चक्र, कोरड्या तृणभूमीतील

हवेतील नायट्रोजन मृदेत येणे, तेथून तो वनस्पती व प्राणी यांच्या शरीरांत जाणे, त्यांच्या अवशेषांबरोबर मृदेत परतणे आणि अखेरीस वायुरूपाने पुन्हा हवेत मिसळणे, या क्रियामालिकेस नायट्रोजन चक्र म्हणतात. कोरड्या तृणभूमीत हे चक्र वर्षभर सारख्या गतीने चालत नाही. पावसाळ्यात ते वेगाने फिरते व उरलेला बराच काळ जवळजवळ थांबलेले असते.

नाशिक जिल्ह्याचा पूर्व भाग हे याचे चांगले उदाहरण आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरी येथे वर्षाला सु. ३,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील येवले, नांदगाव या तालुक्यांत तो सु. ५०० ते ६०० मिमी. इतकाच असतो. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या तेथील माळांवर मृदेचा थर उथळ व मुरमाड असतो. पी. एम. दबडघाव व के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार द्वीपकल्पीय भारतातील तृणभूमी सेहिमा-डायकँथियम प्रकारात मोडतात. पवन्या व मारवेल ही यांतील प्रमुख बहुवर्षायू गवते होत. येवले तालुक्यातील ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रातील काळविटे अशाच माळांवर चरतात.

साठा व उपलब्धता : हवेत सु. ७८ टक्के नायट्रोजन असला, तरी गवताला तो थेट वापरता येत नाही. मृदेतील ९५ टक्क्यांहून अधिक नायट्रोजन जैव पदार्थांत बद्ध असतो. मृदेच्या वरच्या १५ सेंमी. थरात नायट्रोजनाचे प्रमाण ०·०५ टक्के मानल्यास हेक्टरी साठा सु. १,००० किग्रॅ. भरतो. त्यापैकी वर्षाकाठी १ ते ३ टक्के, म्हणजे १० ते ३० किग्रॅ., सूक्ष्मजीवांच्या क्रियेने अमोनियम रूपात मोकळा होतो. नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर यांसारखे सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटात व मग नायट्रेटात रूपांतर करतात. वाळलेल्या गवतात मात्र कार्बन नायट्रोजनाच्या सु. ७० पट असतो. असे गवत कुजताना सूक्ष्मजीव मृदेतील उपलब्ध नायट्रोजन स्वतःच्या वाढीसाठी ओढून घेतात व काही काळ गवताला त्याची टंचाई भासते.

पहिला पाऊस : उन्हाळ्यात मृदा तापून कोरडी होते व अनेक सूक्ष्मजीव मरतात. वळवाच्या किंवा मृगाच्या सरींनी ती भिजताच उरलेले सूक्ष्मजीव या मृत द्रव्यावर झपाट्याने वाढतात आणि थोड्या दिवसांत बराच नायट्रोजन मोकळा होतो. पूर्व आफ्रिकेतील मृदांवर संशोधन करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये याचे सविस्तर वर्णन केल्यामुळे यास ‘बर्च परिणाम’ म्हणतात. बहुवर्षायू गवताची मुळे जिवंत असल्याने ते हा नायट्रोजन लगेच शोषते. वर्षायू गवताचे बी मात्र तेव्हा नुकते रुजत असते; त्यामुळे नायट्रेटाचा काही भाग पाण्याबरोबर वाहून किंवा झिरपून जातो.

भर : जंगली नीळ, ॲलिसिकार्पस यांसारख्या शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत ऱ्हायझोबियम सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात. मृदेच्या पृष्ठभागावरील काही नील-हरित शैवले व गवताच्या मुळांलगतचे ॲझोस्पिरिलम सूक्ष्मजंतू हेही हे कार्य करतात. पावसाबरोबरही थोडा नायट्रोजन मृदेत येतो.

घट : जनावरांच्या मूत्रातील यूरियापासून अमोनिया बनतो व उष्ण, अल्कधर्मी मृदेतून तो हवेत उडून जातो. पाणी साचलेल्या जागी विनायट्रीकरण होते. परंतु कोरड्या माळावर त्याचे महत्त्व कमी असते. मानवी व्यवहारांमुळे होणारी घट अधिक विचारात घेण्याजोगी आहे. हेक्टरी २ टन वाळलेले गवत कापून नेल्यास व त्यात ०·६ टक्के नायट्रोजन असल्यास १२ किग्रॅ. नायट्रोजन माळाबाहेर जातो. गोवऱ्यांसाठी शेण वेचल्याने, तसेच माळावर चरलेल्या मेंढ्या रात्री शेतात बसविल्याने शेताला खत मिळते, पण माळ तितकाच निकस होतो. वणव्यात गवतातील बहुतेक नायट्रोजन वायुरूपाने नाहीसा होतो. राखेत फॉस्फरस व पोटॅशियम उरतात. जळालेल्या जागी लवकर फुटणारे हिरवे कोंब पाहून जमीन सुपीक झाली असा समज होतो, तो बरोबर नाही.

परिणाम व उपाय : घट भरीपेक्षा सतत अधिक राहिल्यास साठा कमी होत जातो. त्याला अतिचराईची जोड मिळाली म्हणजे पवन्या व मारवेल मागे पडून प्रथम कुसळी आणि पुढे ॲरिस्टिडा प्रजातीची वर्षायू गवते माजतात. त्यांची मुळे नायट्रेट वेळेवर पकडू शकत नसल्याने घट आणखी वाढते. बी झडल्यानंतर कापणी केल्यास गवताने बराच नायट्रोजन बुंध्यात व मुळांत परत नेलेला असतो. मात्र असा चारा कमी पौष्टिक असतो. फुलोऱ्यात कापलेला चारा सकस असतो, पण त्याबरोबर माळाचा नायट्रोजनही जास्त जातो. म्हणून आळीपाळीने चराई, काही पट्टे न कापता राखणे, वणव्यास प्रतिबंध, शेण माळावरच राहू देणे व स्टायलोसारख्या शिंबावंत चाऱ्याची पेरणी हे उपाय सुचविले जातात. महसुली नोंदींत अशा जमिनी पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून दाखविल्या जातात. प्रत्यक्षात आसपासच्या गावांतील जनावरांचा चारा व काही अंशी शेताचे खतही त्या पुरवीत असतात.