ठसा कोणाचा आणि ठसा कशाचा?

बोटांचा ठसा आपल्या परिचयाचा आहे. सही न येणारा माणूस कागदावर अंगठा उठवतो, हे आपण पाहतोच. ठशांवरून माणूस ओळखण्याची सरकारी कचेरी 1897 साली कलकत्त्यास निघाली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी तेथे ठशांच्या वर्गीकरणाचे मोठे काम केले.

त्याच साली जलपैगुडी भागात एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटीत एक बंगाली पंचांग सापडले व त्यावर तपकिरी डाग होते. त्यांतील एक ठसा, पूर्वी चोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या एका नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. डाग रक्ताचा आहे, असा निर्वाळा सरकारी रसायनतज्ज्ञाने दिला. न्यायालयाने त्या माणसास चोरीबद्दल दोषी ठरविले. खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले.

या खटल्यात दोन प्रश्न होते, हे ध्यानात घ्या. ठसा कोणाचा? हे रेषांनी सांगितले. ठसा कशाचा? हे रसायनाने सांगितले. ही दोन उत्तरे तेव्हा दोन निरनिराळ्या माणसांकडून मिळवावी लागली. आज ती एकाच चित्रातून मिळू शकतात. या नव्या विद्येला रासायनिक प्रतिमांकन म्हणतात.

प्रथम ठसा म्हणजे काय ते पाहू. बोटांच्या टोकांवर घामाची सूक्ष्म रंध्रे असतात. घामात बहुतांशी पाणीच. पण त्यात थोडे क्षार व अमिनो आम्लेही असतात. शिवाय आपला हात सारखा कपाळाकडे, केसांकडे जातो आणि तेथील तेलकटपणा बोटांस लागतो. जेवताना लागलेले तूप, हाताळलेले औषध, उडविलेली दारू, यांचाही अंश त्यात मिसळतो. तांब्याला हात लावला की हे सारे रेषांच्या आकारात त्यावर उमटते.

जुन्या पद्धतीत ठशावर भुकटी टाकतात. कागदावरील ठशासाठी निनहायड्रिन वापरावे, ही सूचना 1954 साली स्वीडनमध्ये पुढे आली. ते अमिनो आम्लांशी मिळून जांभळा रंग देते. रेषा दिसू लागतात, काम भागते. पण त्या रेषांत आणखी काय दडले आहे, हे त्यावरून कळत नाही.

नव्या पद्धतींपैकी एक अवरक्त प्रकाशाची. तंबोऱ्याजवळ जुळता सूर लावला की त्याची तार आपोआप झंकारते. न जुळणाऱ्या सुराला ती दाद देत नाही. रेणूंचेही असेच आहे. प्रत्येक पदार्थ अवरक्त प्रकाशातील आपापल्या ठरावीक लहरीच शोषतो. ठशाचे हजारो बारीक ठिपके कल्पून प्रत्येक ठिपक्यात कोणत्या लहरी शोषल्या गेल्या हे यंत्र नोंदते. मग ‘मेद कोठे आहे ते दाखव’ म्हटले की मेदाचा नकाशा, ‘प्रथिन दाखव’ म्हटले की प्रथिनाचा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात सर्गेई काझारियन यांच्या गटाने जिलेटिनच्या पट्टीवर उचललेल्या ठशांचे असे नकाशे 2007 साली प्रसिद्ध केले. यात ठसा नष्ट होत नाही, हा मोठाच लाभ.

दुसरी पद्धत रेणूंच्या वजनाची. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहॅम कुक्स यांच्या गटाने ठशावर विद्युत्भारित द्रवाचा बारीक फवारा सोडला. उसळलेले थेंब ठशातील रेणू घेऊन यंत्रात जातात व तेथे त्यांची जणू तोलणी होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कोकेनच्या रेणूंनीच ठशाच्या रेषा रेखाटल्या. एकावर एक पडलेले दोन ठसेही, त्यांतील द्रव्ये भिन्न असल्याने, वेगळे करता आले. डोळ्यांना जेथे नुसता गिचमिडीचा डाग दिसतो, तेथे दोन माणसे दिसू लागली.

तर मग आता गुन्हेगार सुटणे नाही, असे आपणांपैकी कोणी म्हणेल. येथेच थांबावयास हवे. बोटावर कोकेन सापडले म्हणजे त्या माणसाने ते घेतले, असे सिद्ध होत नाही. ते हाती आलेल्या एखाद्या नोटेवरूनही लागू शकते. शरीरात गेल्यावर कोकेनचे जे रूपांतर होते, तो पदार्थ घामातून आला आहे काय, हे म्हणून तपासावे लागते. आणि तोही बाहेरून लागलेला नाही, याची खात्री हात धुवून घेतलेल्या ठशाशी ताडून करावी लागते. तसेच ठसा आणि द्रव्य एकाच वेळी तेथे आले की कसे, हाही प्रश्न उरतोच.

जलपैगुडीच्या खटल्यात रेषा जुळल्या होत्या, डागही रक्ताचा ठरला होता. तरीही, खून होताना कोणी पाहिले नाही, म्हणून एवढ्यावरून फाशी देणे न्यायाधीशांना धोक्याचे वाटले. यंत्र आज कितीतरी अधिक सांगते. पण ‘येथे हे आहे’ एवढेच ते सांगते. ‘याने हे केले’ हे माणसांनीच, पुरावा तोलून, ठरवावयाचे असते. आणि ज्याच्या मानेचा प्रश्न असतो, त्याच्या दृष्टीने या दोन वाक्यांतील अंतर फार मोठे असते.