तक्रार कोणाची, दोष कोणाचा

गाडीत ईएसपीचा, म्हणजे घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडला जातो, यू०१२६ हा कोड दिसतो आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर बदलायचं ठरतं. पण ही तक्रार नोंदवली कोणी, हे क्वचितच पाहिलं जातं. या कोडचा अर्थ एवढाच की सेन्सरचे संदेश यायचे थांबले. ज्याचं बोलणंच बंद पडलं तो ते कळवणार कसं? म्हणून ही नोंद दुसरं मॉड्यूल करतं, बहुधा एबीएस-ईएसपीचं. संदेश थांबण्यामागे सेन्सर असेल, तसाच उडालेला फ्यूज, सैल कनेक्टर किंवा तुटलेली वायरही असेल. कोड लक्षण सांगतो. कारण माणसालाच शोधावं लागतं.

सेन्सर स्वतःची तपासणी करतो, पण तिलाही मर्यादा आहे. एका प्रचलित रचनेत स्टिअरिंगबरोबर फिरणारं मोठं दातेरी चक्र दोन लहान चक्रं फिरवतं. त्या दोघांच्या दात्यांची संख्या वेगळी असते आणि प्रत्येकात चुंबक असतो. दोघांच्या कोनांची जोडी पाहून स्टिअरिंग कुठल्या फेऱ्यात, किती अंशांवर आहे ते कळतं. शक्यच नसलेली जोडी आली की सेन्सर आपलं मोजमाप अवैध ठरवतो. मात्र व्हील अलाइनमेंटनंतर शून्य नव्याने ठरवलं नसेल, तर ही जोडी अचूक जुळूनही आकडा चुकू शकतो. तो चुकलाय हे ईएसपीला कळतं, कारण ती त्याला गाडीचं वळणं मोजणाऱ्या यॉ सेन्सरशी आणि चाकांच्या वेगाशी ताडून पाहते. गाडी सरळ धावतेय आणि स्टिअरिंगचा कोन सतत ८ अंश येतोय, अशा वेळी सेन्सर शाबूत असू शकतो. त्याला हवं असतं कॅलिब्रेशन.

गाडी संध्याकाळी द्यायची असते आणि सेन्सर बदलल्यावर दिवा विझतो, मग अडचण काय, असं कोणी म्हणेल. पण बदलताना कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसतो, कॅलिब्रेशन होतं, कोड पुसला जातो. दिवा एवढ्यानेही विझू शकतो. जुना सेन्सर बिघडला होता हे त्यातून सिद्ध होत नाही. मग यंत्रानेच नेमका दोष का सांगू नये? कारण ईएसपीला वायरचं आपल्याकडचं टोक तेवढं दिसतं, आणि तिथून मेलेला सेन्सर व तुटलेली वायर सारखीच गप्प असतात. तरी तिचं मॉड्यूल पुष्कळ सांगून ठेवतं: दोष आत्ता चालू आहे की जुनी नोंद आहे, आणि अनेक गाड्यांत तो आला तेव्हाचा वेगही. हे वाचायला थोडाच वेळ लागतो. दोष असेपर्यंत साधे ब्रेक चालतात, पण ईएसपी बंद राहू शकते. खरं कारण तसंच राहिलं तर ती पुन्हा, कदाचित ओल्या घाटात, बंद पडेल. म्हणून नवा सेन्सर मागवण्याआधी ही नोंद पूर्ण वाचणं हा दुरुस्तीचाच भाग आहे.