ढिला प्लग पॉइंट काढताना



पांढुर्णा-सौंसरकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. जुने प्लग पॉइंट याच दिवसांत त्रास देतात. प्लग ढिला बसणे, गरम लागणे, तडतड आवाज, जळका वास किंवा काळा डाग दिसल्यास तो पॉइंट वापरू नये. विद्यार्थ्यांनी मोठ्यांना लगेच सांगावे. बोर्ड मात्र स्वतः उघडू नये.

असे का होते? सॉकेटमधील पितळी पट्ट्या प्लगच्या पिना घट्ट धरतात. पट्ट्या सैल झाल्या की त्या जागी रोध वाढतो व उष्णता निर्माण होते. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर चार अँपिअरहून जास्त प्रवाह घेते. एवढ्या प्रवाहाने ढिला सॉकेट जळू शकतो.

पॉइंट काढताना सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे "बटण बंद केले, आता वीज नाही." जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी चुकून न्यूट्रलवर असते. शिवाय त्याच बोर्डात इतर बटणांची फेज चालूच राहते. म्हणून हा क्रम पाळावा :

१) मेन स्विच बंद करावा व तो कोणी चालू करू नये म्हणून तेथे एकाला उभे करावे.
२) घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. मेन बंद होताच इन्व्हर्टर बोर्डाला वीज देऊ लागतो.
३) मेन बंद करण्यापूर्वी टेस्टर चालू पॉइंटवर पेटतो का ते पाहावे. मेन बंद केल्यावर सॉकेटची दोन्ही छिद्रे तपासावीत. बोर्ड उघडल्यावर प्रत्येक वायर पुन्हा तपासावी.
४) हात व जमीन कोरडी असावी, पायात चप्पल असावी.
५) कोणती वायर कोठे होती याची खूण करून मगच स्क्रू सोडावेत. केवळ वायरच्या रंगावर विसंबू नये.
६) नवा सॉकेट आय.एस.आय. मार्कचा व तेवढ्याच अँपिअरचा घ्यावा. समोरून पाहता वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे.

वायरचे आवरण जळलेले असल्यास, बोर्डात ओल असल्यास किंवा अर्थिंगची वायरच नसल्यास काम तेथेच थांबवून परवानाधारक वायरमनला बोलवावे. टेस्टर हाताळण्याची सवय नसलेल्यांनी तर पहिल्यापासूनच त्याला बोलवावे. पाण्याच्या कूलरला अर्थिंग नसणे जिवावर बेतू शकते.

संस्थाचालकांनीही उन्हाळ्यापूर्वी शाळेतील सर्व बोर्ड एकदा तपासून घ्यावेत, ही विनंती.