नेट आहे, मग फोन का नाही? भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडचा इंटरनेट फोन

(पॉडकास्टच्या भागाचं हे लेखी रूप आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.)

आज इंटरनेट फोनबद्दल बोलू. वायरलेस ब्रॉडबँडवरून फोनची सोय द्यायची असेल तर नक्की काय काय लागतं? मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे मला वाटायचं की हा एका शनिवार-रविवारचा उद्योग आहे. तो तसा नाही हे मला भंडारदऱ्यात कळलं, आणि जरा महागात कळलं. ती गोष्ट पुढे येईलच.

माझे मामा शेंडीत राहतात. भंडारदऱ्याला गेला असाल तर शेंडी माहीत असेल. प्रवरेवरचं विल्सन धरण तिथेच आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. धरणाचा फुगवटा पार रतनवाडीपर्यंत जातो. मामांचं घर गावात आणि तंबू फुगवट्याच्या पलीकडच्या काठावर. पाण्यावरून सरळ रेघ मारली तर अंतर चारेक किलोमीटर. रस्त्याने मात्र काठाकाठाने वळसे घेत जावं लागतं, आणि पावसाळ्यात धुक्यात पुढचं वळण दिसत नाही. तंबूंपाशी मोबाईलला रेंज नाही. काजव्यांच्या दिवसांत पर्यटकांना त्याचं कौतुक वाटतं. तिथं बारा महिने राहणाऱ्या राखणदार काकांना आणि त्यांच्या घरच्यांना नाही.

शेंडीत घरापर्यंत फायबर आल्यावर मी दोन डिश अँटेना घेतल्या. एक मामांच्या गच्चीवर लावली, दुसरी पलीकडे, आणि पाण्यावरून नेट नेलं. यासाठी वेगळा परवाना लागत नाही. ५ गिगाहर्ट्झचे ठरावीक पट्टे सरकारने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने परवान्यातून मोकळे केले आहेत. अट एवढीच, की मंजुरी मिळालेलं उपकरण वापरायचं आणि ताकदीची मर्यादा पाळायची. वेग मिळाला, पाहुणे खूश झाले. मग मामांनी विचारलं, "अरे इंजिनेर, नेट आलं ना? मग फोन का नाही येत?"

प्रश्न साधा आहे. उत्तराचे चार भाग आहेत.

पहिला भाग: फोनला वेग नाही, वेळ लागते

आवाजाला किती नेट लागतं? जुन्या पद्धतीच्या कोडेकचा, म्हणजे जी.७११ चा हिशेब करू. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करायचे. एका तुकड्यात १६० बाइट आवाज, आणि त्यावर पत्ता वगैरे लिहिलेलं ४० बाइटचं पाकीट. सेकंदाला अशी ५० पाकिटं. गुणाकार केला की एका दिशेला ८० किलोबिट प्रतिसेकंद. दहा जण एकाच वेळी बोलले तरी एका दिशेला एक मेगाबिटसुद्धा भरत नाही. मग अडतं कुठं?

अडतं ते पाकिटं वेळेवर पोचण्यात. सिनेमा बघताना नेट दोन सेकंद अडकलं तरी चालतं, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. बोलणं आधी उतरवून ठेवता येत नाही. तोंडातून कानापर्यंतचा उशीर एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्याच्या बरंच पुढे गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. "हॅलो, हां, तुम्ही बोला... नाही नाही, तुम्ही बोला." हे सगळ्यांनी अनुभवलंय.

आमच्याकडे दिवसा फोन छान चालायचा आणि रात्री साडेनवाला चिरफाळायचा. कारण सोपं होतं. साडेनवाला जेवणं उरकून पाहुणे दिवसभराचे व्हिडिओ वर चढवायला बसायचे. राऊटर मोठी पाकिटं रांगेत लावतो, आणि आवाजाचं छोटं पाकीट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. एसटीत एकच तिकीट हवंय, पण पुढे वऱ्हाड उभं आहे, असं समजा. वायरलेसमध्ये आणखी एक भानगड असते. पाकीट लहान असो की मोठं, प्रत्येकाला हवा मोकळी होण्याची वाट बघावी लागते आणि पोच यावी लागते. त्यामुळे लहान पाकिटं वायरलेसला वजनाच्या मानाने महाग पडतात.

उपाय दोन. आवाजाच्या पाकिटांना वेगळी, पुढची रांग द्यायची. आणि बाकीच्या वापराला लिंकच्या खऱ्या क्षमतेपेक्षा थोडी कमी मर्यादा घालायची, म्हणजे रांग साचतच नाही. चांगल्या राऊटरमध्ये ही सोय असते, ती चालू मात्र आपण करायची. जास्त वेगाचा प्लॅन घेऊन हा प्रश्न सुटत नाही. आम्ही आधी तोच घेतला होता.

दुसरा भाग: पाणी चढलं की सिग्नल का पडतो

हा भाग खास भंडारदऱ्याचा. जुलैत लिंक अधूनमधून मरायला लागली. सगळे म्हणाले, पावसामुळे. मलाही तेच वाटलं. पण ५ गिगाहर्ट्झला चार किलोमीटरवर पाऊस फारसा अडवत नाही. पावसाचा मोठा फटका बसतो तो १० गिगाहर्ट्झच्या पुढे. शिवाय कोरड्या दुपारीही लिंक पडायची.

खरा गुन्हेगार खाली होता, धरणाचं पाणी. एक लहर सरळ जाते आणि दुसरी पाण्यावर आपटून उसळून जाते. दोन्ही पलीकडे एका तालात पोचल्या तर सिग्नल वाढतो, उलट्या तालात पोचल्या तर एकमेकींना खातात. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणजे दोन वाटांच्या लांबीत अडीच सेंटिमीटरचा फरक पडला तरी ताल उलटतो. आणि पावसाळ्यात धरण भरताना पाण्याची पातळी मीटर-मीटरने चढते! मेमध्ये पक्का बसवलेला सिग्नल ऑगस्टमध्ये तसा राहणार कसा?

उपाय म्हणजे अँटेना उंच करणं नव्हे. उलट ती काठापासून मागे घ्यायची. अँटेनाच्या जागी उभं राहून बघायचं: समोरचं टोक दिसतंय, पण मधलं पाणी दिसत नाही? ती जागा उत्तम. काठाचा उंचवटा पाण्यावरून उसळलेली लहर अडवतो. मात्र सरळ रेघेभोवती मोकळी जागा लागतेच. चार किलोमीटरच्या मध्यावर ती साधारण सात मीटर त्रिज्येची असते, टोकांकडे निमुळती होत जाते. तिच्यात झाडाची फांदी आली तरी सिग्नल घटतो. आम्ही पलीकडची डिश काठावरून उचलून मागच्या टेकाडावर नेली. त्यानंतर पाणी चढण्या-उतरण्याचा त्रास जवळपास थांबला.

तिसरा भाग: फोन देणं आणि नेट देणं, कायद्याने वेगळं

फोन चालायला लागला तसे शेजारचे दोघं-तिघं म्हणाले, "आम्हाला पण जोडून द्या, महिन्याचे पैसे देऊ." इथे थांबायला लागतं.

स्वतःच्या जागेत, स्वतःच्या माणसांसाठी इंटरकॉम चालवणं वेगळं. आमचा फोन तसाच आहे. शेंडीत एक छोटा सर्व्हर, दोन्हीकडे एकेक यंत्र, बाहेरच्या फोनजाळ्याशी संबंध नाही. पण लोकांना नंबर देणं, त्यावरून साध्या मोबाईलला फोन जोडणं आणि पैसे घेणं ही दूरसंचार सेवा झाली, आणि तिला परवाना लागतो. आपल्याकडे इंटरनेट कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनीची मुभा १ एप्रिल २००२ पासून मिळाली, पण मर्यादित. संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातल्या फोनवर बोला, देशातल्या साध्या फोनला जोडू नका, अशी. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने स्पष्ट केलं, की फोन सेवेचा परवाना असलेली कंपनी कुणाच्याही इंटरनेटवरून फोन देऊ शकते. त्याच वर्षी बीएसएनएलची विंग्ज सेवा जाहीर झाली.

हा फरक किती किमतीचा आहे बघा. २०१० च्या लिलावात इन्फोटेल ब्रॉडबँड या कंपनीने देशाच्या २२ही सर्कलमध्ये वायरलेस ब्रॉडबँडच्या लहरी मिळवल्या. तिला लगेच रिलायन्सने घेतलं, तीच पुढे जिओ झाली. हातात देशभराच्या लहरी, पण परवाना इंटरनेटचा, आवाजाचा नाही. २०१३ मध्ये १,६५८ कोटी रुपये भरून एकीकृत परवाना घेतला, तेव्हा फोन देण्याची वाट उघडली. सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू झाली ती व्होल्टीवर, म्हणजे सगळे कॉल इंटरनेटच्याच पाकिटांतून. फक्त तिथे आवाजासाठी वेगळी, हमीची वाट राखून ठेवलेली असते. व्हॉट्सअॅप कॉलला ती मिळत नाही. मी राऊटरवर जी वेगळी रांग लावली, तिचाच हा थोरला भाऊ म्हणा.

मग शेजाऱ्यांचं काय? त्यांना फोन सेवा द्यायचीच गरज नाही. त्यांच्याकडे सिम आहे, फक्त रेंज नाही. वाय-फाय कॉलिंग चालू केलं की मोबाईल नेटवरून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत एक कुलूपबंद बोगदा तयार करतो आणि त्यातून नेहमीच्याच नंबरवर फोन येतो-जातो. एअरटेलने हे डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. आणि नेट विकायचं तर पीएम-वाणी योजना आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली. तिच्यात छोट्या दुकानदाराला परवान्याशिवाय वाय-फाय देता येतं. नंबरची जबाबदारी सिम कंपनीची, नेटची आपली.

चौथा भाग: लाईट गेली तर?

आता ती गोष्ट. ऑगस्टमधली रात्र, शेंडीत दुपारपासून लाईट नव्हती. पलीकडे काकांच्या पायाला साप चावला. पलीकडच्या टोकाला मी सोलर आणि बॅटरी लावलेली होती, त्यामुळे फोनवरचा हिरवा दिवा चालू होता. काकूंनी मामांचा नंबर फिरवला. काहीच नाही. परत फिरवला. परत काहीच नाही.

मामांच्या घरचा इन्व्हर्टर दिवे, पंखे, टीव्ही चालवत होता. फायबरचा डबा, सर्व्हर आणि गच्चीवरची डिश मात्र साध्या प्लगवर होती. मीच लावली होती. दिवाळीत नीट करू म्हटलं होतं.

काकांचा मुलगा पावसात मोटरसायकल काढून वळणावळणाने गेला, रेंजची काडी मिळाल्यावर १०८ लावला. काकांना राजूरला नेलं, वेळेत उपचार मिळाले, आज ते बरे आहेत. पण तो मधला वेळ माझ्या डोक्यातून जात नाही. फोन नव्हताच तेव्हा रात्री काही झालं की मुलगा लगेच मोटरसायकल काढायचा. त्या रात्री काकू आधी फोन फिरवत बसल्या, कारण मी त्यांना सांगितलं होतं की हा फोन लागतो.

जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच यायची, ४८ व्होल्ट, बॅटरीच्या बळावर. गावात अंधार असला तरी फोन वाजायचा. इंटरनेट फोनच्या वाटेवर मात्र प्रत्येक डबा आपापली वीज मागतो, आणि एक झोपला की सगळे झोपले. आमच्या एका टोकाची भूक मोजली तर साधारण २५ वॅट. १२ तासांना ३०० वॅट-तास. म्हणजे १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पुरून उरते. खर्च फार नव्हता. मी दिवाळीची वाट बघायला नको होती.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल. दोन्ही टोकांना सारखी बॅटरी, आणि फायबरचा डबाही तिच्यावर. महिन्यातून एकदा मामा मुद्दाम मेन स्विच पाडतात आणि पलीकडे फोन लावून बघतात. सर्व्हर दर पाच मिनिटांनी पलीकडच्या यंत्राची हजेरी घेतो. पलीकडे फोनशेजारी एक लाल दिवा लावलाय, लिंक तुटली की तो पेटतो, म्हणजे फोन फिरवत वेळ घालवायचा नाही, सरळ गाडी काढायची. आणि भिंतीवर एक कागद चिकटवलाय: जागेचं नाव, जवळची खूण, येण्याचा रस्ता. वाय-फाय कॉलवरून ११२ किंवा १०८ लावला तर आपण कुठे आहोत हे समोर बरोबर दिसेलच याचा भरवसा नाही, आणि घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

तर मंडळी, कुणी तुम्हाला म्हणालं की "नेट आहे ना, फोन देऊन टाकू", तर त्यांना वेग विचारू नका. विचारा की लाईट गेल्यावर किती तास चालेल, आणि बंद पडला तर पलीकडच्या माणसाला ते कळणार कसं.

मामांनी परवाच मेन स्विच पाडून फोन लावला होता. काका म्हणाले, "वाजतोय रे बाबा, ठेव आता, दूध काढायचंय."

भेटू पुढच्या भागात.