तारापूरचे इंधन आणि अमेरिकेची राज्यघटना

अमेरिकेच्या राज्यघटनेची उजळणी बहुतेक पुस्तकांत फिलाडेल्फियापासून सुरू होते. साल १७८७, कलमे सात; पहिल्यात काँग्रेस म्हणजे तिथली संसद, दुसऱ्यात अध्यक्ष, तिसऱ्यात न्यायालये. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण ही तीन अंगे एकमेकांना कुठे अडवतात आणि अडल्यावर वाट कशी काढतात, हे पाहायचे तर पालघर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने बोईसरहून तारापूरच्या रस्त्याला लागावे. अणुऊर्जा केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या इंधनावरून वॉशिंग्टनमध्ये अनेक वर्षे जो झगडा चालला, त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आधी यंत्राबद्दल. किनाऱ्यावरच्या चार अणुभट्ट्यांपैकी तीन आणि चार क्रमांकाच्या भारतीय बनावटीच्या आहेत. त्या जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियम यांवर चालतात. एक आणि दोन क्रमांकाच्या जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने बेक्टेलच्या मदतीने उभारल्या. भट्टीतच साधे पाणी उकळते आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरते. साधे पाणी न्यूट्रॉन शोषून घेते, त्यामुळे नैसर्गिक युरेनियमवर अशी भट्टी पेटत नाही. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम भाग जेमतेम ०.७ टक्के असतो. इथे तो वाढवून दोन-अडीच टक्क्यांच्या घरात न्यावा लागतो. हे समृद्ध युरेनियम बनवण्याची सोय त्या काळी भारताकडे नव्हती. पुढचे सारे राजकारण या एका गरजेतून निघाले.

होमी भाभांनी जागतिक निविदा मागवून हा प्रकल्प निवडला होता. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात ३० वर्षांचा करार झाला: तारापूरसाठी लागणारे इंधन अमेरिका पुरवील आणि भारत तिथे दुसरे इंधन वापरणार नाही. भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले. केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली ती ऑक्टोबर १९६९ मध्ये. प्रत्येक भट्टीची मूळ क्षमता २१० मेगावॉट होती, नंतर ती १६० वर आणावी लागली. वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांना मिळे.

या कराराचे घटनेतले स्थान नीट समजून घ्यायला हवे. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे परराष्ट्रांशी तह करायचा तर सिनेटची दोन-तृतीयांश संमती लागते. तारापूरचा करार त्या वाटेने गेलाच नाही. तो १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली झाला. म्हणजे काँग्रेसने कायद्याने दिलेल्या अधिकारात कार्यकारी शाखेने केलेला तो करार होता. दिल्लीच्या दृष्टीने अमेरिका नावाच्या राष्ट्राने शब्द दिला होता. वॉशिंग्टनमध्ये मात्र त्या शब्दाचा आधार काँग्रेसचा कायदा होता, आणि काँग्रेस आपला कायदा बदलू शकते.

१८ मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला आणि तो बदल अटळ झाला. १९७६ मध्ये काही अमेरिकी पर्यावरण संघटनांनी तारापूरच्या इंधन परवान्याला हरकत घेतली आणि नव्याने स्थापन झालेल्या अणुनियामक आयोगाने त्यावर जाहीर सुनावणी घेतली. बोईसरजवळच्या वीजकेंद्रात कुठले युरेनियम जावे, यावर परदेशातले सामान्य नागरिक सरकारी आयोगापुढे उभे राहून बोलतात, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. १० मार्च १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यावर सही केली. ज्या देशाला अणुइंधन हवे त्याने आपली सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आणावीत, अशी अट त्यात होती. तिची पूर्तता करण्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. भारताचे म्हणणे साधे होते: १९६३ च्या करारात अशी अट नाही आणि एका बाजूने ती मागाहून घालता येत नाही.

त्याच वसंतात नियामक आयोगाची मते दोन विरुद्ध दोन अशी पडली. परवाना अडला. कार्टर यांनी कार्यकारी आदेश काढून ७,६३८ किलो इंधन पाठवण्यास मंजुरी दिली. १९८० च्या मे महिन्यात आयोगाने पाचही मतांनी परवाना नाकारला, आणि जूनमध्ये कार्टर यांनी पुन्हा आदेश काढून तो निर्णय बाजूला सारला. कायद्याने काँग्रेसला यावर उपाय दिला होता. दोन्ही सभागृहांनी ठरलेल्या मुदतीत असंमतीचा ठराव केला, तर अध्यक्षांचा आदेश रद्द. १८ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी तसा ठराव केला. त्या सभागृहात बहुमत कार्टर यांच्याच पक्षाचे होते! सहा दिवसांनी सिनेटमध्ये, पृथ्वीप्रदक्षिणा केलेले अंतराळवीर जॉन ग्लेन विरोधात उभे असताना, ठराव ४६ विरुद्ध ४८ असा पडला. दोन मतांनी इंधनाची वाट मोकळी राहिली.

तिसरे अंग राहिले होते, न्यायालय. तेही आले, पण तारापूरच्या नावाने नव्हे. केनियात जन्मलेला, भारतीय आईबापांचा जगदीश राय चढ्ढा हा विद्यार्थी व्हिसाची मुदत संपूनही अमेरिकेत राहिला. त्याची हकालपट्टी स्थगित झाली होती. प्रतिनिधीगृहाने एकट्याने ठराव करून ती स्थगिती उठवली. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की कायद्याइतका परिणाम करणारी कोणतीही कृती दोन्ही सभागृहांतून जाऊन अध्यक्षांच्या सहीसाठी त्यांच्यापुढे आलीच पाहिजे. दोनच आठवड्यांत दोन्ही सभागृहांच्या ठरावांनाही हाच न्याय लागला. याचा अर्थ असा की १९८० मध्ये तारापूरचे भवितव्य ज्या ठरावावर टांगले होते, त्या जातीचा ठरावच घटनेत बसत नव्हता. पुढे काँग्रेसने अणुकायद्यात अध्यक्षांपुढे जाणारा संयुक्त ठराव घातला. असा ठराव अध्यक्ष नकाराधिकाराने परतवू शकतात, आणि मग काँग्रेसला दोन-तृतीयांश मते जमवावी लागतात.

इकडे तारापूरला न्यायनिवाड्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रोनाल्ड रेगन यांच्या भेटीत तोडगा निघाला: करार तसाच राहील, इंधन फ्रान्स देईल. १९९३ ला कराराची मुदत संपली. त्यानंतर चीन आणि रशिया यांच्याकडूनही इंधन आले.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना अध्यक्षीय आणि संसदीय या दोन पद्धतींची तुलना केली होती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक, आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो तारापूरने अक्षरशः पडताळून दाखवला. स्वपक्षाच्या सभागृहाने तीन-चतुर्थांश मतांनी झिडकारले तरी कार्टर यांच्या पदाला त्यामुळे धक्का लागला नाही. २००८ मध्ये १२३ व्या कलमाखालच्याच अमेरिकेशी नव्या करारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला, तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग यांना २२ जुलैला लोकसभेत विश्वासमत घ्यावे लागले. ते २७५ विरुद्ध २५६ असे मिळाले. सरकार जाऊ शकत होते. पण खुद्द करारावर मतदान करण्याचा अधिकार आपल्या संसदेला नव्हता. तिकडे त्याच वर्षी प्रतिनिधीगृहाने करार २९८ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर केला. २८ वर्षांपूर्वी विरोधातही नेमकी २९८ मते होती.

मला दोन्ही पद्धतींत एकेक गोष्ट हवीशी वाटते. सरकारला घरी पाठवण्याचा लोकसभेचा हक्क मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. पण आंतरराष्ट्रीय करार कलमवार सभागृहापुढे यावा, प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदले जावे आणि नागरिकाला सुनावणीत उभे राहता यावे, हे आपल्याकडेही व्हायला हवे. याची गरज तारापूरलाच दिसते: तीन आणि चार क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पुनर्वसनाच्या तक्रारी घेऊन तिथल्या लोकांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले.