नेत्रपटल शल्यप्रशिक्षण : मूल्यमापन कसे करावे?

कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी किंवा ज्वारीच्या पानाची धार डोळ्यास लागते. चार दिवस घरगुती उपचारांत जातात, डोळा लाल होतो आणि पुढे बुबुळावर पांढरे 'फूल' पडते. भोकरदन, अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील कष्टकरी कुटुंबांस हा प्रकार अपरिचित नाही. जालन्याच्या लोखंड कारखान्यांत उडणारा तप्त कणही डोळ्याच्या याच भागावर आघात करतो. हा भाग म्हणजे नेत्रपटल. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पारदर्शक पडदा धुरकटला, की उर्वरित डोळा निरोगी असूनही दृष्टी जाते. सन २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांखालील व्यक्तींच्या अंधत्वाचे हेच प्रमुख कारण आढळले.

डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी सन १९०५ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे चुन्याने भाजलेल्या रुग्णावर पहिले यशस्वी नेत्रपटल प्रत्यारोपण केले. आज ही शस्त्रक्रिया रुळली असली, तरी पदव्युत्तर शिक्षणात अनेक डॉक्टरांना ती पाहावयास मिळते, हाती घ्यावयास मिळत नाही. ही उणीव फेलोशिप भरून काढते. मात्र देणगीदारांच्या पैशातून चालणाऱ्या अशा उपक्रमाचे मूल्यमापन केवळ शस्त्रक्रियांच्या एकूण आकड्यावरून करणे योग्य ठरणार नाही.

पहिला प्रश्न असा, की प्रशिक्षणार्थीने किती शस्त्रक्रिया स्वतः, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली, आरंभापासून अखेरपर्यंत केल्या? केसाहून बारीक धाग्याचे, सामान्यतः १६ टाके समान ताणाने घालणे हे केवळ निरीक्षणाने साध्य होत नाही.

दुसरा, रुग्णाच्या सुरक्षिततेचा. धर्मादाय रुग्णालयातील गरीब रुग्ण हे सरावाचे साधन नव्हे. प्रत्यारोपणास अयोग्य ठरलेल्या दानाच्या नेत्रपटलांवर, नातेवाइकांच्या संमतीने, प्रयोगशाळेत हात बसल्यानंतरच प्रशिक्षणार्थीस शस्त्रक्रियागृहात संधी द्यावी. शस्त्रक्रिया कोण करणार व देखरेख कोणाची, हे रुग्णाच्या कुटुंबास आधी सांगावे.

तिसरा, पाठपुराव्याचा. टाके पूर्णपणे काढण्यास बहुधा वर्षाहून अधिक काळ लागतो आणि शरीराने रोपण नाकारण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसाची दृष्टी हे यश नव्हे. एक व दोन वर्षांनंतर किती रोपणे स्वच्छ राहिली, याची नोंद अहवालात हवी. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणात हा धडा अपुरा राहतो.

चौथा, प्रतिबंधाचा. बुरशीजन्य व्रण वेळीच ओळखून योग्य औषध सुरू करणारा डॉक्टर अनेकदा प्रत्यारोपणाची वेळच येऊ देत नाही. म्हणून बाह्यरुग्ण विभागातील व्रणांचे उपचार व नेत्रपेढीचे कामकाज हेही प्रशिक्षणाचे अविभाज्य अंग मानावे.

शेवटी, प्रशिक्षित डॉक्टर कोठे सेवा देतो, हेही पाहावे. श्री गणपती नेत्रालयासारखी संस्था जालन्यात उभी राहू शकते, हे या भागाने पाहिले आहे. येथे शिकलेले हात मराठवाड्यातच राहिले, तर देणगीचे खऱ्या अर्थाने चीज होईल.

तथापि उत्तम शल्यविशारदही दान झालेल्या नेत्रपटलाविना हतबल असतो. मृत्यूनंतर सुमारे ६ तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते आणि एका व्यक्तीच्या दानातून दोघांस दृष्टी लाभू शकते. आपल्या घरी या विषयावर आजच चर्चा व्हावी, ही नम्र विनंती.